सुईला घाबरणाऱ्या प्रौढाला रेबीजची लस : एका प्रकरणाचा अभ्यास

वय 38, किराणा दुकानदार, तालुक्याचं गाव. सकाळी दुकानाचं शटर वर करत असताना गल्लीतल्या कुत्र्यानं उजव्या पोटरीला दात लावले. मध्ये जाड पँट होती, त्यामुळे रक्त आलं नाही. कातडी बोटभर लांब सोलवटली. घरी जखमेला चुना लावला आणि तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नीनं अक्षरशः ओढत रुग्णालयात आणलं. उशीर करण्याचं कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची माझी हिंमत नाही."

(व्यक्ती एक दाखवली असली तरी लसीकरण कक्षात वारंवार घडणाऱ्या गोष्टी इथं एकत्र केल्या आहेत. डोस आणि वेळापत्रक भारतातल्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आहे.)

पोटातली चौदा इंजेक्शनं ही मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची गोष्ट. ती लस भारतात 2004-05 मध्ये बंद झाली. तिची दहशत मात्र अजून घराघरात आहे, आणि ज्यांनी ती कधी पाहिलीही नाही तेसुद्धा तिच्यापायी दवाखाना टाळतात. आताची लस दंडात देतात. स्नायूत द्यायची तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी एकेक डोस. त्वचेत द्यायची तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी दोन्ही दंडांत 0.1 मिली. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीज जवळपास शंभर टक्के जीव घेतो, म्हणून "भीती गेली की या" असं या लसीबाबत म्हणता येत नाही. हे प्रकरण निवडण्याचं कारणही तेच. फ्लूची लस महिनाभर पुढं ढकलता येते, ही नाही.

पहिला प्रयत्न

जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुतली, चुना काढला. खरचटलं पण रक्त नाही, म्हणजे दुसरी श्रेणी: लस लागते, इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) नाही. रक्त आलं असतं तर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच भरावं लागलं असतं, आणि दुखणं कमी करण्याची आखणी पूर्ण वेगळी झाली असती.

इंजेक्शनच्या खोलीबाहेर रांग होती आणि दार उघडं. वीस मिनिटं ते उभे राहून आत इतरांना टोचताना बघत होते. नंबर आला तेव्हा स्टुलावर बसवलं, शर्टाची कॉलर ओढून खांदा उघडा केला, समोरच्या ट्रेमध्ये लस भरलेली सिरिंज. सिस्टर म्हणाल्या, "काही नाही दादा, मुंगी चावल्यासारखं." मागून कुणीतरी म्हणालं, "एवढा गडी माणूस!" वॉर्डबॉयनं दंड घट्ट धरला. गृहस्थांना जांभई आली, मग दुसरी. वरच्या ओठावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि ते स्टुलावरून घसरले. सुई तोवर कातडीला लागलीही नव्हती.

पडल्यावर दोन-तीन झटके आले. "फिट आली, चप्पल हुंगवा" अशी ओरड झाली. आडवं करून पाय उचलल्यावर मिनिटाच्या आत ते भानावर आले, आणि कुठं आहोत हे त्यांना लगेच कळलं. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर घटला की असे झटके येऊ शकतात. ती मिरगी नव्हे. केसपेपरवर "फिट" असा शेरा पडला तर तो माणसाला वर्षानुवर्षं चिकटतो, म्हणून "आडवं करताच लगेच पूर्ण शुद्धीवर" ही नोंद आवर्जून केली.

भीती आणि भोवळ

बहुतेक भयांत छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि तो चढलेलाच राहतो, त्यामुळे माणूस सहसा पडत नाही. सुई आणि रक्ताच्या भयात दोन टप्पे असतात. आधी नाडी आणि दाब वाढतात, मग एकदम दोन्ही कोसळतात. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं. जांभया, मळमळ, कानात गुंजारव, डोळ्यांपुढं अंधारी ही या उताराची चाहूल.

नेहमीच्या समजुतीचा घोटाळा इथं होतो. "दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा" हा सल्ला धडधडीसाठी बरा. ज्याला भोवळ येते त्याचा उतरता दाब सैल सोडल्यानं आणखी उतरतो. त्याला उलटं करायला लावायचं: स्नायू आवळायला. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी मांडलेली ही पद्धत सोपी असून मोफत आहे, तरीही आपल्याकडच्या लसीकरण खोल्यांत ती क्वचितच कुणी शिकवतं.

तरुण प्रौढांपैकी 20 ते 30 टक्क्यांना सुईची भीती असते. भोवळ येणारे त्यातले थोडेच. म्हणून आधी विचारल्याशिवाय कुणाला काय द्यायचं ते ठरत नाही. या गृहस्थांना विचारलेले प्रश्न चारच होते: कधी भोवळ आली होती का? सुई टोचायच्या आधी की नंतर? जास्त नको काय वाटतं, दुखणं की बघणं? आणि त्या वेळी सोबत कुणी हवंय का?

उत्तरांतून चित्र स्पष्ट झालं. अठराव्या वर्षी कॉलेजातल्या रक्तगट शिबिरात ते उभ्या उभ्या कोसळले होते, हनुवटीला टाके पडले. कोविडच्या पहिल्या डोसाच्या वेळी खुर्चीतून घसरले, दुसरा डोस घेतलाच नाही. वडिलांना मधुमेह, पण स्वतःची साखर कधी तपासली नाही. "दुखण्याचं काही नाही हो. सुई दिसली की पायातलं बळच जातं." सोबत पत्नी चालेल, "पण तिनं बोलू नये".

तासाभरानं, दुसरा प्रयत्न

"उद्या या" म्हणायचा मोह टाळला. असा माणूस उद्या येत नाही. त्याच दुपारी तासाभरानं लस द्यायची ठरली आणि तो तास वापरून घेतला.

पहिला निर्णय स्नायूतली की त्वचेतली. त्वचेतल्या वेळापत्रकात फेऱ्या चार पण टोचणं आठ. स्नायूतल्या वेळापत्रकात फेऱ्या पाच आणि टोचणंही पाच. शिवाय त्वचेत देताना सुई जवळजवळ आडवी सरकवून फुगवटा उठवावा लागतो. हात हलला आणि लस खोल गेली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. दचकणाऱ्या माणसासाठी स्नायूतली लसच बरी. त्यांनी "मग कमरेत द्या ना" असंही सुचवून पाहिलं. कमरेखालच्या चरबीत ही लस नीट काम करत नाही, त्यामुळे प्रौढाला ती दंडातच, हे स्पष्ट सांगितलं. नकार कारणासकट दिला की लोक सहसा मानतात.

धनुर्वाताचा डोस घेऊन दहा वर्षं उलटली होती, त्यामुळे टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) हा डोससुद्धा द्यायचा होता. एका दिवशी दोन इंजेक्शनं असतील तर जास्त दुखणारं शेवटी, हा नियम. इथं रेबीजची लस आधी ठेवण्याला आणखी एक व्यावहारिक कारण होतं: पहिल्यानंतर ते उठून गेले असते तरी जिच्यावाचून चालणार नाही ती लस झालेली असती.

पत्नीनं बाहेरच्या मेडिकलमधून लिडोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के असलेलं मलम आणलं. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या गोलाला 1 ते 2 ग्रॅम, जाड थरात, वर पारदर्शक पट्टी, 60 मिनिटं. चोळून जिरवायचं नाही. लोक हे मलम बहुधा चुकीच्या जागी लावतात. घरून लावून आलेल्यांचं मलम दंडाच्या मधोमध असतं आणि सुई जाते दोन इंच वर. म्हणून खांद्याच्या टोकाचं हाड चाचपून, त्याखाली दोन-तीन बोटं सोडून पेनानं खूण केली आणि मग दोन्ही दंडांना मलम लावलं. कातडी नंतर पांढुरकी दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मलम कातडी बधिर करतं, खालचा स्नायू नाही; त्यामुळे लस आत जाताना दाब जाणवणार, हे आधीच सांगून ठेवलं. जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना आणि रक्तातलं मेथहिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढवणारी औषधं चालू असलेल्यांना हे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. चहा-बिस्किटं दिली आणि लसीच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी. रक्तदात्यांमध्ये एवढ्या पाण्यानं भोवळ कमी होते हे तपासलेलं आहे, आणि पाण्याला पैसे पडत नाहीत.

मग आवळण्याचा सराव. दोन्ही मांड्या, पोटऱ्या, पोट आणि एका हाताची मूठ एकदम आवळायची, चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे 10 ते 15 सेकंद. मग 20 ते 30 सेकंद नेहमीसारखं बसायचं. अगदी लोळागोळा व्हायचं नाही. असे पाच फेरे. पहिल्या फेरीत त्यांनी श्वास कोंडून शौचाला कुंथावं तसा जोर लावला. त्यानं हृदयाकडं परतणारं रक्त उलट कमी होतं. आवळताना एकीकडे दहापर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो. लस घ्यायच्या हाताला मात्र आवळायचं नाही, कारण ताठ स्नायूत सुई जास्त दुखते. दोन्ही जमवणं सुरुवातीला अवघड जातं, म्हणून सराव त्याच स्थितीत करून घेतला: लसीचा हात कोपरात वाकवून पोटावर ढिला, दुसऱ्या हातात गुंडाळलेला रुमाल दाबायला.

लस देताना त्यांना पडद्यामागच्या खाटेवर झोपवलं, पायांखाली दोन उशा. ज्याला कधीच भोवळ आली नाही त्याला बसवून लस द्यावी, तसं बहुतेकांना जास्त सोयीचं वाटतं. झोपवायचं ते भोवळीचा इतिहास असलेल्यांना. शर्टाची एक बाही पूर्ण काढली. कॉलर ओढून उघडा केलेला खांदा नेहमी वरचा भागच दाखवतो, मग सुई फार वर, खांद्याच्या सांध्याजवळ जाते आणि महिनोन्महिने हात वर होत नाही. खालून गुंडाळलेली घट्ट बाहीही दंडाला आवळते.

मलम पुसलं, स्पिरीट लावलं आणि ते वाळू दिलं. ओल्या स्पिरीटमधून सुई गेली की चुरचुरतं, आणि त्या चुरचुरण्याचा दोष लसीवर जातो. सुई 25 मिमी लांब, 23 गेज जाडीची. घाबरलेल्या माणसाला बारीकशी आखूड सुई देणं ही दया नव्हे. लस चरबीत राहिली तर जास्त सुजते आणि दुखते, आणि अंगानं भारी माणसाला 38 मिमीसुद्धा लागते. व्हायल तळहातांत चोळून लस कोमट करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, ती सोडून दिलेली बरी.

सिस्टरनं विचारलं, "दादा, बघायचंय की भिंतीकडे तोंड करणार?" त्यांनी भिंत निवडली. "तुम्ही एकदा खोका. मग मी तयार म्हणेन, तेव्हा दुसऱ्यांदा खोका." दुसऱ्या खोकल्याबरोबर सुई काटकोनात आत, दट्ट्या मागं ओढून रक्त बघणं नाही, लस सोडली, सुई बाहेर. मागं ओढून बघण्यात सुई जास्त वेळ आत राहते आणि हलते. दंडाच्या या जागी मोठी रक्तवाहिनी नसते, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेनंही ते करू नये असंच सांगितलं आहे. कापूस दाबून धरला, चोळला नाही. दुसऱ्या दंडात टीडी, तशाच पद्धतीनं. "झालं?" हा त्यांचा प्रश्न दोन्ही वेळा उशिरा आला.

खोकल्याची युक्ती सांगितल्या क्षणीच केली पाहिजे. "तीन म्हटल्यावर देते" असं सांगून दोनलाच टोचणारे हुशार असतात, पण त्यांची हुशारी एकदाच चालते. पुढच्या डोसाला तो माणूस "एक" ऐकतानाच हात ओढून घेतो. "दुखणार नाही" हेही तसंच खोटं. "आता सुरू करते, दोन सेकंद दाब वाटेल" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

नंतरची पंधरा मिनिटं आणि नंतरच्या फेऱ्या

लसीनंतर येणारी भोवळ बहुधा पहिल्या 15 मिनिटांत येते. त्यांना 15 मिनिटं आडवंच ठेवलं, मग पाय खाली सोडून बसवलं, मग उभं केलं. एकूण अर्धा तास. घरी मोटरसायकल भावानं चालवली. भोवळ येऊन गेलेल्यानं लगेच गाडी चालवू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण किल्ली ज्याच्या खिशात तोच चालवतो.

तिसऱ्या दिवसाला संकष्टी होती. उपवास, तोही चंद्रोदयापर्यंत निर्जळी, आणि डोस सकाळी. उपवास मोडा असं कुणी सांगितलं नाही. केळं, ताक, साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते आणि रिकाम्या पोटापेक्षा शंभर पटीनं बरी. पाण्याचा नेम तेवढा या वेळी सोडा, इतकंच म्हटलं. पत्नीनं तिथंच डबा उघडला.

त्या दिवशी मलम त्यांनी नाकारलं. तासभर दंडाला पट्टी लावून बसणं म्हणजे तासभर सुईचाच विचार, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. ज्याचं भय दुखण्याचं आहे त्याला मलम उपयोगी. ज्याचं भय बघण्याचं आणि वाट पाहण्याचं आहे त्याला सकाळी नऊचा पहिला नंबर जास्त उपयोगी. ओपीडीत तेवढी सोय करून दिली. लस घेतली डाव्या दंडात, कारण उजव्या हातानं पोती उचलायची असतात. दुसऱ्या दिवशी दंड ठणकला तर पॅरासिटामॉल घ्यायची आणि हात चालता ठेवायचा. लसीच्या आधीच गोळी घेऊन येण्यानं टोचण्याचं दुखणं कमी होत नाही.

सातव्या दिवशी आत्मविश्वास वाढला. बसूनच घेतो म्हणाले, पाचही फेरे आवळले, लस व्यवस्थित झाली. मग आवळणं थांबवून ताडकन उठले आणि रजिस्टरवर सही करायला टेबलापर्यंत चालत गेले. चौथ्या मिनिटाला जांभई. सिस्टरनं ती ओळखली आणि तिथंच फरशीवर आडवं केलं, पाय स्टुलावर. शुद्ध गेली नाही. कारण साधं होतं: लस झाली की भीती एकदम ओसरते, दाबही तिच्याबरोबर उतरतो, आणि त्यात माणूस उभा असतो. सुई निघाल्यावरही दोन-तीन फेरे आवळायचे आणि सही नंतर. यापुढं रजिस्टर त्यांच्याकडे नेलं गेलं.

कोसळलेला प्रत्येकजण भोवळीचाच असतो असं धरणं मात्र धोक्याचं. भोवळीत माणूस फिकट, थंड घामानं ओला, नाडी मंद, आणि आडवं केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत सुधारतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा जीभ सुजते, श्वासात शिट्टी वाजते, नाडी जलद होते आणि आडवं केल्यावरही प्रकृती ढासळत जाते. तेव्हा वाट न पाहता मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत 1:1000 ॲड्रेनॅलिन, प्रौढाला 0.5 मिली. ट्रेमध्ये ते रोज तपासलेलं असावं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा, चप्पल, काही हुंगवायचं नाही.

चौदाव्या दिवसाचं काय झालं

कुत्रं ओळखीचं होतं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या टपरीवर रोज येणारं. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर स्नायूतल्या वेळापत्रकात 14 व्या दिवसाचा डोस वगळून 28 व्या दिवसाचा तेवढा देता येतो, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. लस मात्र दहा दिवस थांबून सुरू करायची नसते. ती लगेच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर ठेवायची.

घाबरलेल्या माणसाच्या दृष्टीनं ही सवलत मोठी, आणि म्हणूनच तिच्याबाबत सावध राहावं लागतं. सुई टाळण्यासाठी "कुत्रं मस्त आहे" असं न बघताच सांगणारे पुष्कळ भेटतात. इथं अट घातली: दहावा दिवस उलटल्यावर कुत्रं स्वतः बघायचं आणि त्याचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा. फोटो आला. तेच कुत्रं, कानावरच्या जुन्या जखमेवरून ओळखू येणारं, बिस्किट खाताना. चौदाव्या दिवसाचा डोस वगळला. 28 व्या दिवशी ते एकटे आले, खाटेवर आपणहून आडवे झाले आणि खोकण्याआधी सिस्टरला म्हणाले, "थांबा, पाय आवळू दे."

त्याच दिवशी त्यांनी साखर तपासायला रक्त दिलं, आडवं पडूनच. सुईचं भय यामुळे मुळापासून गेलं असं नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पायरीपायरीनं सामोरं जाण्याचे उपचार असतात: आधी सुईचा फोटो, मग बंद पाकिटातली सिरिंज हातात, मग दुसऱ्याला टोचताना बघणं, प्रत्येक पायरीला आवळण्याचं तंत्र जोडून. दर काही महिन्यांनी ज्यांना रक्त द्यावं लागणार आहे त्यांनी ते जरूर करावं. चिंता कमी करणाऱ्या गोळीनं हे काम होत नाही. ती घेऊन माणूस सुस्तावतो, भोवळ मात्र तशीच राहते.

लसीकरणाचं कार्ड त्यांना लॅमिनेट करून घ्यायला सांगितलं. तारखा सिद्ध करणारं कार्ड असेल तर पुन्हा कधी कुत्रं चावल्यास फक्त दोन डोस लागतात, 0 आणि 3 व्या दिवशी, आणि जखम कितीही खोल असली तरी इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कार्ड हरवलं की सगळं पहिल्यापासून. कार्डाच्या मागच्या बाजूला लाल पेनानं एक ओळ लिहून दिली: "भोवळीचा इतिहास. आडवं झोपवून द्यावी, 30 मिनिटं थांबवावं."